भिडेखातर विकलेली कॅराव्हॅन

व्हॅलेंटाईन तुस्कानोचा उजवा पाय कॅराव्हॅनच्या तळातून आरपार गेला, तेव्हा त्याच्या हातात चहाचा ट्रे होता. ट्रे वाचला. पाय मात्र मांडीपर्यंत खाली उतरला आणि मस्कतजवळच्या सवादीच्या किनाऱ्यावरच्या थंडगार वाळूला जाऊन टेकला.

शुक्रवारची सुट्टीची सकाळ, समोर समुद्र, आजूबाजूला तंबू टाकून बसलेली भली भली कुटुंबं. अशा वेळी माणसाचा एक पाय घरात आणि दुसरा घराखाली असणं, यात दुखण्यापेक्षा अपमानच जास्त. बाहेर खुर्ची टाकून बसलेल्या ऑस्टिनला गाडीच्या पोटातून बापाचा पाय उगवलेला दिसला.

"डॅडी," तो शांतपणे म्हणाला, "तुमचा लेग इकडे आला."

पोराचं मराठी मस्कतच्या शाळेत वाढलेलं, पण खबर अगदी पक्की होती. धाकटी सॅन्ड्रा हसून हसून वाळूत लोळली. मॅग्डलिननं, म्हणजे व्हॅलेंटाईनच्या बायकोनं, आधी नवऱ्याच्या हातातला ट्रे घेतला, चहा सगळ्यांना दिला, आणि मग नवऱ्याकडे वळली.

"व्हॅली, आता पुरे झालं हं. हे धूड काढून टाक आणि दुसरी घे."

कॅराव्हॅन म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाकांवरची एक खोली असते, ती आपल्या गाडीच्या मागे जोडायची आणि वाटेल तिथं नेऊन उभी करायची. तुस्कानोंची ही खोली एका मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या साहेबानं त्यांच्या गळ्यात मारली होती, आणि साहेबाच्या गळ्यात ती आणखी कुणी मारली होती हे देव जाणे. तिची खिडकी तिच्या मर्जीनं उघडायची. दार लाथ खाल्ल्याशिवाय लागत नसे. दर वर्षी वसईच्या गिरीज गावाहून येणारे सुके बोंबील बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांच्या भीतीनं तिच्यातच ठेवले जात, त्यामुळे आत शिरलं की पहिल्यांदा वसई लागायची आणि मग कॅराव्हॅन. पण तिच्यात चार बिछाने होते. दोन खाली, दोन वर, भिंतीतून ओढून काढायचे.

व्हॅलेंटाईन एका बांधकाम कंपनीत खरेदी खात्याचा साहेब होता. जुना पंप ठेवायचा की नवा घ्यायचा, मिक्सर दुरुस्त करायचा की भंगारात टाकायचा, हे तो दिवसभर ठरवायचा, आणि फार निष्ठुरपणे ठरवायचा. असा माणूस घरच्या भंगारापुढे मात्र पार ढेपाळला. घरी परतल्यावर वादी कबीरमधल्या आपल्या बिल्डिंगमागं गाडी उभी करून तो तिच्याभोवती फेऱ्या मारू लागला.

मॅग्डलिननं तोवर दुसरी गाडी शोधूनसुद्धा काढली. अझैबाला एक इंग्लिश बाई राहत होती, ती कायमची परत चालली होती. तिची कॅराव्हॅन अगदी कोरी करकरीत, आत फ्रीज, पडदे, आणि झोपायला दोन बिछाने.

"दोनच?" व्हॅलेंटाईन म्हणाला.

"आपल्या दोघांना किती लागतात?" मॅग्डलिन म्हणाली आणि लगेच भाजी चिरायला बसली.

इथंच घोडं पेंड खात होतं. ऑस्टिन यंदा बारावीला होता. जूनमध्ये तो पुण्याला इंजिनियरिंगला जाणार, हे ठरलेलं होतं. आखातातल्या घरांचा हा रिवाजच आहे. बारावी झाली की पोराची बॅग भरायची. दोन वर्षांनी सॅन्ड्राचीही भरायची. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच घरात जून हा शब्द कुणी काढत नसे. मे महिन्यापर्यंतच्या गोष्टी बोलायचे, मग एकदम नाताळाच्या.

फ्लॅटमध्ये ऑस्टिनची खोली वेगळी, तिचं दार बंद, आणि आतून इंग्रजी गाणी. जेवायला हाक मारली तरी "कमिंग" म्हणायचा आणि येत नसे. पण कॅराव्हॅनमध्ये दार बंद करून जायला जागाच कुठं होती? वरच्या बिछान्यावरून त्याचे लांबलचक पाय बापाच्या तोंडासमोर लोंबत, आणि झोप येईपर्यंत बापलेक गप्पा मारत. व्हॅलेंटाईनचा त्या पायांवर जीव होता. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. चांगल्या हुद्द्यावरच्या माणसानं पोराच्या पायांसाठी सडकी कॅराव्हॅन राखली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून तो म्हणे, "फ्रीजचा काय भरवसा? उद्या बिघडला तर?"

सल्ले मात्र फुकट मिळत होते. वरच्या मजल्यावरचा रामकृष्ण हिशेबनीस होता. त्यानं गॅलरीतूनच निकाल दिला. "तुस्कानोसाहेब, कंपनीच्या नियमानं या गाडीची किंमत कधीच शून्य झालीय. तुम्ही दर शुक्रवारी सहकुटुंब शून्यात झोपता."

"शून्याला भोक पडलंय, ते बुजवायला काय लागेल ते सांगा," व्हॅलेंटाईन चिडून म्हणाला.

रुवीच्या चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर मॅग्डलिनचा चुलतभाऊ क्लिफर्ड भेटला. तो हॉटेलात होता, त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूचं शेवटी हॉटेल होतं असा त्याचा विश्वास होता. "गाडीची एक बाजू काप," तो म्हणाला, "आत शेगडी लाव, आणि आपले वसईचे मैद्याचे फुगे गरमागरम तळून विक. संध्याकाळी रांग लागेल." परवाना कोण देणार, असं विचारल्यावर त्यानं आकाशाकडे हात दाखवले. क्लिफर्डचे सगळे परवाने तिकडूनच येतात.

तेवढ्यात अझैबाच्या बाईचा निरोप आला. येत्या गुरुवारी गाडी घेऊन जा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आणि घरमालकाचा दंडक असा की मागच्या अंगणात एका कॅराव्हॅनला जागा. दोन दिसल्या तर दोन्ही रस्त्यावर. म्हणजे नवी यायच्या आधी जुनी जायला हवी. व्हॅलेंटाईन मनातून खूश झाला. असलं धूड घेणार कोण? गुरुवार उलटून जाईल आणि आपण सुटू. पण मॅग्डलिन बघत होती, म्हणून तो चेहरा पाडून गाडीपाशी उभा राहिला.

त्या पाडलेल्या चेहऱ्यानंच घात केला. शेजारच्या फ्लॅटमधले मुस्तफा परकार मवालेहच्या मंडईतून परतत होते. रत्नागिरीकडचे. मंडईत कांद्याचा घाऊक व्यापार, आणि माणूस मधासारखा गोड. शेजाऱ्याचा पडलेला चेहरा त्यांना बघवेना.

"आवो व्हॅलीभाय, असं तोंड काय करून उभे? सोन्यासारखी गाडी आहे. मला जागा असती ना, तर मीच घेतली असती."

आता सबंध कोकणात, वसईपासून खाली पार वेंगुर्ल्यापर्यंत, या वाक्याचा अर्थ एकच होतो. मी ही वस्तू घेणार नाही, पण तुमचा मान राखतो. आणि त्याला उत्तरही ठरलेलं आहे. तेच व्हॅलेंटाईननं दिलं. "अहो, घ्या की! तुमचीच आहे." याचाही अर्थ काही होत नाही. दोघांनी हसायचं, आणि आपापल्या घरी जायचं. हजारो वर्षं हे असंच चालत आलंय आणि त्यात कुणाचं कधी नुकसान झालेलं नाही.

पण मॅग्डलिन त्याच क्षणी कपडे वाळत घालायला बाहेर आली. "काय म्हणता मुस्तफाभाई? तुम्ही घेताय? देव पावला बाई!" असं म्हणून तिनं ओली चादर खांद्यावर टाकून चक्क हात जोडले. ती स्वतः गिरीजची. तिला या बोलण्याचा अर्थ कळला नाही, असं म्हणणाऱ्याला वसई माहीत नाही. पण तिनं न कळल्यासारखं केलं.

मुस्तफाभाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त आतला माणूस नाहीसा झाला. व्हॅलेंटाईननं त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी व्हॅलेंटाईनकडे. दोघांपैकी एकानं जरी "छे हो, मी आपलं सहज म्हटलं" असं म्हटलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मुस्तफाभाईंना वाटलं, आता माघार घेतली तर गरीब बिचाऱ्याचं मन मोडेल. आणि व्हॅलेंटाईनला वाटलं, आता नाही म्हटलं तर एवढ्या हौसेनं मागणाऱ्या शेजाऱ्याचा अपमान होईल. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

शेजारच्या फ्लॅटमध्ये अमीरुन्निसानं जेवणाचं ताट नवऱ्यापुढे आदळलं ते भिंतीपलीकडं ऐकू आलं. "घरात पलंग कमी पडले काय तुम्हाला? आपल्यात कोण गेलंय कधी वाळूत झोपायला?"

"शब्द गेला तोंडातून," मुस्तफाभाई म्हणाले. "आता व्हॅलीभायना काय वाटेल?"

मग एकच आशा उरली. सरकारी कामं. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची तर तिला तपासणीत पास व्हावं लागतं, आणि ही पास होणं म्हणजे मेलेला बैल बाजारात नाचणं. कंपनीच्या अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं, ना-हरकत पत्रही लागतं, त्याला एरवी महिना जातो. दोघंही वेगवेगळे, एकमेकांना न सांगता, या अडथळ्यांच्या भरवशावर निर्धास्त झाले.

पण भीड माणसाला स्वस्थ बसू देईल तर ना! मुस्तफाभाईंच्या मनात आलं, तपासणीत तळाचं भोक दिसलं तर व्हॅलीभायची चारचौघांत शोभा होईल. त्यांनी गुपचूप वर्कशॉपमधून माणसं आणून नवा तळ ठोकून घेतला. ते बघून व्हॅलेंटाईनला लाज वाटली. हा माणूस खर्च करतोय आणि आपण त्याला गुळगुळीत टायर देणार? त्यानं नवे टायर बसवले. टायर बघून मुस्तफाभाईंना वाटलं, आता दिवे तरी आपण लावले पाहिजेत. दिवे लागल्यावर व्हॅलेंटाईननं रंग दिला. बोंबील बाहेर काढून खिडक्या धुतल्या. जिला दोघांनाही नापास झालेली बघायची होती, ती गाडी दोघांच्या सभ्यतेपायी नवऱ्या मुलीसारखी सजली. रामकृष्ण गॅलरीतून बघत होता. "शून्य तर चांगलंच गोंडस दिसायला लागलं," तो म्हणाला.

अर्बाबनं त्या दिवशी नेमकं पत्र बघताबरोबर सही केली. वर, "गुड, गुड, नवी घे," असं म्हणून व्हॅलेंटाईनच्या पाठीवर थापही मारली. नोकरीत इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच अर्बाबचा राग आला.

तपासणीच्या आवारात मात्र क्षणभर दैव पालटलंसं वाटलं. खिडकीतला तरुण कारकून नवा होता. त्यानं इंजिनाचा नंबर विचारला.

"इंजिन नहीं है," व्हॅलेंटाईन आशेनं म्हणाला.

"इंजिन नही, तो गाडी कैसे?"

"तेच तर!" मुस्तफाभाई मराठीतच ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. दोघं त्या कारकुनाकडे इतक्या प्रेमानं बघू लागले की तो बिचारा घाबरला आणि त्यानं मोठ्या साहेबाला बोलावलं. साहेब आला, त्यानं बाहेर डोकावून बघितलं, "ट्रेलर, ट्रेलर," म्हणाला आणि शिक्का मारला. खलास. दुपारच्या आत नाव बदललं. दोघांनी एकमेकांना मुबारक म्हटलं, हात हातात घेतले, आणि कुणाचाच हात लवकर सुटेना. मुस्तफाभाईंनी गाडी मवालेहला नेऊन आपल्या वखारीत कांद्याच्या गोण्यांशेजारी उभी केली.

त्या दिवशी ऑस्टिन शाळेतून आला, मागचं रिकामं अंगण त्यानं खिडकीतून बघितलं, आणि खोलीत गेला. दार बंद झालं, पण गाणी लागली नाहीत. व्हॅलेंटाईनला फार वाईट वाटलं. तो दारापर्यंत जाऊन परत आला.

गुरुवारी नवराबायको अझैबाला गेले. गाडी खरोखरच देखणी होती. इंग्लिश बाईनं फ्रीज उघडून दाखवला, पडदे ओढून दाखवले. व्हॅलेंटाईन एका बिछान्यावर बसला. मॅग्डलिन दुसऱ्यावर बसली, आणि मग हातानं इकडे तिकडे चाचपायला लागली.

"हे टेबल खाली होतं का?" तिनं आपल्या इंग्रजीत विचारलं. "त्याच्यावर आणखी कुणी झोपू शकेल?"

"नाही हो, ही दोघांचीच आहे."

"आणि इथं? या मधल्या जागेत? गादी टाकली तर?"

"एखादं लहान मूल झोपेल," बाई विचार करून म्हणाली. "केवढं आहे तुमचं?"

"पाच फूट अकरा इंच," मॅग्डलिन म्हणाली.

बाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं व्हॅलेंटाईनकडे बघितलं. तो बायकोकडे बघत होता. मॅग्डलिन उठली, बाईचे आभार मानले, आणि तडक जाऊन आपल्या पजेरोत बसली. पजेरो विमानतळ मागं टाकून पुढं आली. तशी मॅग्डलिन एकदम फुटली.

"नको मला ती. नको म्हणजे नको. मला वाटलं, जायचाच आहे तर आतापासून सवय करून घ्यावी. दोन ताटं, दोन बिछाने. नाही व्हायची मला सवय. आपली आण परत!"

"अगं, पण ती आता मुस्तफाभाईंची झाली ना!"

"मग माग."

माग म्हणणं सोपं आहे. व्हॅलेंटाईन संध्याकाळी मुस्तफाभाईंकडे गेला, चहा घेतला, खारी बिस्किटं खाल्ली, आणि गाडीचा विषय काढला. मुस्तफाभाईंना वाटलं, हा बिचारा आपण नाराज आहोत की काय ते बघायला आलाय. ते उसळून म्हणाले, "काय गाडी दिलीत व्हॅलीभाय! नंबर एक! मी तर वखारीत दुपारची झोप तिच्यातच घेतो. इरफान तर खूशच खूश." त्यांचा इरफान समोरच बसला होता. त्यानं गाडी अजून पाहिलीही नव्हती. व्हॅलेंटाईननं चहाचा दुसरा कप घेतला आणि तो परत आला.

"तो फार खूश आहे गं," तो मॅग्डलिनला म्हणाला. "कसं मागायचं? बरं दिसतं का?"

मॅग्डलिननं नवऱ्याकडे असं बघितलं की त्यानं नजर फिरवली. मग तिनं पायात सपाता सरकवल्या, शेजारचं दार ठोठावलं आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "अमीरुन्निसाबाय, आमची गाडी आम्हाला परत हवी."

"अल्ला!" अमीरुन्निसा म्हणाली. "अगो, मग इतके दिवस बोलली का नाहीस? आमचा माणूस जेवला नाही धड. आत्ता घेऊन जा. वर कांद्याची गोण देते, पण घेऊन जा!"

झालं. पुरुषांनी सभ्यपणानं जे गाडं चिखलात रुतवलं होतं, ते बायकांनी उंबऱ्यात उभ्याउभ्या बाहेर काढलं. उरलं ते फक्त नाव पुन्हा बदलणं.

शनिवारी दोघं त्याच खिडकीशी उभे राहिले. आज तिथं मोठा साहेबच बसला होता. पिकलेली दाढी, कडक इस्त्रीचे कपडे. त्यानं कागद पाहिले, मग या दोघांना पाहिलं.

"अभी बेचा, अभी वापस? गाडी खराब है?"

"नहीं साहब, गाडी एकदम अच्छी है," मुस्तफाभाई घाईनं म्हणाले. "गलती मेरी है. मेरे पास जगह नहीं."

"नहीं साहब," व्हॅलेंटाईन म्हणाला, "इनका कुछ गलती नहीं. गलती मेरी है."

"व्हॅलीभाय, तुम्ही गप्प बसा. साहब, मेरी है."

"अहो, असं कसं? साहब, मेरी!"

मागची रांग वाढली. साहेबानं टेबलावर हात आपटला. "यल्ला! एक आदमी बोलो. और सच बोलो. क्यों बेचा, क्यों वापस?"

व्हॅलेंटाईननं तोंड उघडलं. टायर, दिवे, जागा, अर्बाब, सगळी कारणं त्याच्या जिभेवर तयार होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"मेरा लडका," तो म्हणाला, "जून में इंडिया जा रहा है, पढने के लिए. उस गाडी में चार बिस्तर हैं, साहब. नई में दो थे."

 जून हा शब्द इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच उच्चारत होता, आणि तोही अनोळखी माणसांच्या रांगेपुढं, खिडकीत वाकून.  साहेबानं कागद पुढं ओढले आणि शिक्का उचलला.

"जून तक बहुत जुम्मा है," तो म्हणाला. "जाओ. घुमाओ उसको."

बाहेर उन्हात येईपर्यंत व्हॅलेंटाईननं धीर धरला. तिथं मात्र त्याला राहवेना. हातात शिक्का मारलेले कागद धरून तो ढसाढसा रडायला लागला. येणारे जाणारे थांबून बघू लागले. मुस्तफाभाईंचे स्वतःचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी चटकन व्हॅलेंटाईनचा दंड धरला आणि त्याला पजेरोकडे ओढत नेलं.

"आवो व्हॅलीभाय, रडू नका हो," ते कळवळून म्हणाले. "लोकांना वाटेल, मी तुम्हाला ही गाडी जबरदस्तीनं विकली."